सहा ठिपक्यांचा काळा भुंगेरा: मुंबईत ओळखायचा कसा, शोधायचा कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृग लागून पहिल्या दोन-चार सरी जमिनीत मुरल्या की गोरेगाव, बोरिवली, मुलुंड, येऊर अशा रानालगतच्या वस्त्यांत व्हॉट्सअॅपवर एकाच तऱ्हेचे फोटो फिरू लागतात. जाडजूड काळा किडा, पाठीवर पांढरे ठिपके, आणि खाली प्रश्न: हे कसलं झुरळ? बऱ्याचदा फोटोतल्या किड्यावर आधीच चप्पल पडलेली असते. ही प्रश्नोत्तरे वाचून पुढच्या वेळी निदान चप्पल थांबावी, एवढ्यासाठी ती इथे एकत्र केली आहेत.

हा नेमका कोणता किडा आहे?

हा भुंगेरा आहे, म्हणजे पुढच्या पंखांची कठीण ढाल झालेल्या कीटकांपैकी एक. त्यातही तो भू-भुंगेऱ्यांच्या म्हणजे कॅराबिडी कुळातला. जमिनीवर धावत शिकार करणे हा या कुळाचा धंदा. जगभरात याच्या सुमारे ४०,००० जाती आहेत. शास्त्रीय नाव अँथिया सेक्सगुटाटा. लॅटिनमध्ये सेक्स म्हणजे सहा आणि गुट्टा म्हणजे थेंब, म्हणून सहा थेंबांचा. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिसियस याने १७७५ साली त्याचे वर्णन केले. इथे आपण त्याला सरळ सहाठिपक्या म्हणू.

हात न लावता खात्रीने कसा ओळखायचा?

आधी आकारमान पाहा. पूर्ण वाढलेला सहाठिपक्या साधारण ४ सेंटीमीटर लांब असतो. दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटर रुंद असते, त्याच्या जवळजवळ दीडपट. तुमचा किडा नखाएवढा असेल तर तो हा नव्हे, ठिपके कितीही जुळत असोत.

मग अंगलट. वरून पाहिल्यावर डोके, छाती आणि पाठ हे तीन भाग वेगवेगळे उठून दिसतात, कारण मध्ये मान आणि कंबर आवळलेली असते. छातीवरची ढाल मागे निमुळती, पत्त्यांतल्या बदामासारखी, आणि पाठीपेक्षा बरीच अरुंद. पाठ लांबट अंडाकृती आणि फुगीर. डोके खाली वळलेले नसते, समोर रोखलेले असते, आणि त्यापुढे कोयत्यासारखे वाकडे जबडे असतात. मिशा दोऱ्यासारख्या सडपातळ, ११ पेरांच्या. टोकाला गाठ नाही की पंखा नाही.

त्यानंतर ठिपके: दोन छातीवर, एक डावीकडे एक उजवीकडे, चार पाठीवर, दोन खांद्यांजवळ आणि दोन मध्याच्या मागे. बाकी अंग काळे. हिरवी-निळी चमक नाही, लाल-पिवळा पट्टा नाही.

शेवटी चाल. हा पाय ताठ करून, अंग जमिनीपासून उचलून धरून चालतो. झुरळासारखा पसरट सरपटत नाही. थांबला की बऱ्याचदा मिशा साफ करतो, आणि हे दृश्य जवळून पाहण्यासारखे असते. पुढच्या पायाच्या नडगीला आतून एक खाच असते. मिशी त्या खाचेत धरून तो पाय पुढे ओढतो आणि मिशी बुडख्यापासून टोकापर्यंत पुसून निघते. आधी एक, मग दुसरी. वासावर जगणाऱ्या शिकाऱ्याला मिशीवर चिखल परवडत नाही.

आकारमान, अंगलट, ठिपके आणि चाल या चारही गोष्टी जुळल्या तर मुंबईत दुसऱ्या जातीची शंका घ्यायचे कारण उरत नाही.

मला चारच ठिपके दिसले. मग ही दुसरी जात का?

बहुधा नाही. ठिपका हा कवचावरचा रंग नसतो. दहापट भिंगातून पाहिले तर तिथे उथळ खळगी दिसते आणि तिच्यात बारीक पांढरे केस दाटीने बसलेले दिसतात, मखमलीसारखे. हे केस दगडाखाली शिरताना, मातीत घुसताना झिजतात. छातीवरचे दोन सगळ्यात आधी जातात किंवा लाल चिखलाने भरून जातात. म्हणून ठिपका नसला तरी खळगी आहे का ते पाहा. फोटो तिरप्या उजेडात काढला असेल तर खळगीची सावली पडते आणि निकाल तिथेच लागतो. मेलेल्या, वाळलेल्या किड्यात ठिपके पिवळटही दिसतात.

सात ठिपक्यांचाही एक मिळाला आहे!

मग ते खरोखरच झुरळ आहे, आणि झुरळांतले देखणे झुरळ. थेरिया वंशातल्या या जाती भारतातल्या झुडपी रानात, पाचोळ्यात राहतात, स्वयंपाकघरात येत नाहीत. काळ्या अंगावर मोठाले पांढरे ठिपके असल्यामुळे ते लांबून सहाठिपक्याच वाटते. हा सारखेपणा योगायोगाचा नसावा, असे कीटकशास्त्रात मानले जाते: दाहक द्रवाचा फवारा मारणाऱ्या या भुंगेऱ्यासारखे दिसले की पक्षी-सरडे वाट्याला जात नाहीत.

फरक करायला पाठीची मधली रेघ पाहा. भुंगेऱ्याच्या दोन ढाली पाठीच्या मधोमध सरळ रेषेत एकमेकींना भिडतात. झुरळाचे पंख एकावर एक चढलेले असतात, त्यामुळे ठिपके दोन्ही बाजूंना सारखे येत नाहीत. एकीकडे चार तर दुसरीकडे तीन. शिवाय झुरळ गोलसर, चपटे आणि आखूड असते. डोके छातीच्या ढालीखाली दडलेले असते आणि समोर जबडे दिसत नाहीत.

आणखी कोणत्या किड्यांशी गल्लत होते?

मुंबईत पावसाळ्यात काळ्या किड्यांची गर्दी असते. सगळ्यात जास्त फसवतात ते अंधाऱ्या जागी राहणारे टेनेब्रिऑनिडी कुळातले काळे भुंगेरे. कुजक्या लाकडाजवळ, कुंडीखाली, भिंतीच्या कडेला ते संथपणे फिरत असतात. यांना ओळखायची एक हमखास खूण आहे, फक्त फोटो स्पष्ट हवा: पावलांची पेरे मोजा. भू-भुंगेऱ्याच्या सहाही पावलांना पाच-पाच पेरे असतात. टेनेब्रिऑनिडींच्या पुढच्या चार पायांना पाच आणि मागच्या दोन पायांना चारच. मेलेला किडा हाती लागला तर उलटा करून मागच्या पायाच्या मुळाशी पाहा. भू-भुंगेऱ्याच्या मांडीला चिकटून चवळीच्या दाण्यासारखी एक ठळक गाठ असते. ती तिथे असली की कुळ पक्के झाले.

गेंड्या भुंगा, म्हणजे नारळाचा शत्रू, आकाराने याच्या तोडीचा असतो. पण तो तपकिरी-काळा, गोलमटोल, डोक्यावर शिंग असलेला आणि दिव्यावर आपटणारा. शेणकिडे असेच गोल. त्यांच्या मिशांच्या टोकाला पानांची छोटी चळत असते. हिंगे, म्हणजे अंगावर फोड आणणारे भुंगेरे, मऊ पाठीचे, काळ्या-नारिंगी पट्ट्यांचे आणि फुलांवर बसलेले असतात. सहाठिपक्या फुलावर कधीच दिसणार नाही.

त्याच्याच कुळातले दोन भाऊबंद इथे नेहमी भेटतात. क्लीनियस वंशातले भुंगेरे एक-दोन सेंटीमीटरचे, डोके-छाती धातूसारखी हिरवी, पुष्कळदा पाठीला पिवळी किनार. हे उडतात आणि ट्यूबलाइटखाली गोळा होतात. दुसरा बॉम्बार्डियर, वंश फेरोप्सोफस: पिवळसर डोके, काळ्या पाठीवर पिवळे-नारिंगी डाग, आणि पाठीच्या ढाली मागे आखूड कापल्यासारख्या, त्यामुळे पोटाचे टोक उघडे. डिवचला की फट् असा आवाज करून उकळत्या पाण्याइतका गरम रसायनांचा फवारा सोडतो. डबक्याकाठच्या दगडाखाली हात घालणाऱ्यांना याची ओळख लवकर होते.

नाव टाकून शोधले तर चमकदार हिरवा किडा दिसतो. तो कोण?

तो सिसिंडेला सेक्सगुटाटा, उत्तर अमेरिकेतला व्याघ्र भुंगेरा. दुसऱ्या नावातला शब्द सारखा आहे, प्राणी वेगळा. शिवाय आपल्याकडे भातखाचरांत कॅलोक्रोआ सेक्सपंक्टाटा नावाचा सहा पिवळट ठिपक्यांचा व्याघ्र भुंगेरा असतो. तो जेमतेम दीड सेंटीमीटरचा, टपोऱ्या डोळ्यांचा, आणि पाऊल वाजले की भुर्रकन उडून चार हात पुढे जाऊन बसणारा. शोधताना नेहमी अँथिया हा पहिला शब्द घालावा.

सहाठिपक्या उडतो का?

नाही, आणि या किड्याबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. पाठीच्या दोन ढाली मधल्या रेषेवर एकमेकींना घट्ट जुळलेल्या असतात. त्या उघडत नाहीत, आणि खालचे उडायचे पंख खुरटलेले असतात.

यातून ओळखीचा एक सोपा नियम निघतो. चौथ्या मजल्यावरच्या ट्यूबलाइटवर येऊन आदळलेला किडा सहाठिपक्या असूच शकत नाही. तळमजल्यावरच्या दिव्याखाली मात्र तो दिसू शकतो, पण चालत आलेला, दिव्यावर येणाऱ्या किड्यांच्या मागावर.

दुसरा परिणाम जास्त गंभीर आहे. उडता न येणाऱ्या प्राण्याला एक रस्ता, एक काँक्रीटची गटार, एक कुंपणाची भिंत ओलांडणेसुद्धा जिवावरचे काम असते. माळाच्या एखाद्या तुकड्यावरून तो एकदा संपला की शेजारच्या तुकड्यावरून आपोआप परत येत नाही. झाडे लावली तर फुलपाखरे उडत येतात. याच्यासाठी जमीन सलग असावी लागते.

मुंबईत तो राहतो कुठे?

भारतातल्या कोरड्या, मोकळ्या, झुडपी रानाचा हा किडा. घनदाट ओल्या रानात, दलदलीत किंवा खारफुटीत शोधायला जाऊ नये. मुंबईत अशी कोरडी-मोकळी जागा म्हणजे डोंगरउतारावरची गवताळ पट्टी, कातळाचे सडे, करवंदाच्या जाळ्या, आणि रान व वस्ती यांच्या मधली हद्द. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे, पण त्यातही दाट झाडीपेक्षा कडेचे विरळ उतार या किड्याच्या स्वभावाला जवळचे. आरे, येऊरची बाजू, गोराई-मनोरीचे माळ, खाडीपलीकडे खारघरचे डोंगर या जागाही पाहण्यासारख्या.

जागा निवडताना नकाशापेक्षा जमीन वाचायला शिकावे. पायाखालची माती पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत निचरा होणारी हवी. अर्धा भाग गवत किंवा पाचोळा आणि अर्धा उघडा असावा: उघड्यावर धावायला, पाचोळ्यात दडायला. दगड पाट्याएवढे किंवा त्याहून मोठे, खाली पोकळी असलेले हवेत. मातीत रुतून बसलेल्या दगडाखाली त्याला जागाच नसते. आणि किडे भरपूर हवेत. गवतात नाकतोडे उडत नसतील, रातकिडे ओरडत नसतील, तर तिथे त्यांचा शिकारीही नसणार.

शहराच्या मधल्या बागांत तो का दिसत नाही, याचे उत्तरही यातच आहे. हिरवळ आहे, पण ती रोज पाणी घातलेली, कापलेली, फवारलेली आणि चारी बाजूंनी पेव्हर ब्लॉकने वेढलेली. बागेत पक्षी उडून येतो. याला चालत यायचे असते.

कोणत्या दिवसांत आणि किती वाजता पाहावे?

मुंबईत मान्सून साधारण ११ जूनला पोचतो. त्याच्या आसपासच्या पूर्वसरींपासून सुरुवात करावी. मृगाचे लाल मखमली किडे ज्या दिवसांत मातीवर दिसू लागतात तेच दिवस. मुसळधार पावसात फिरकूही नये, तो दडलेला असतो. दिवसभर उघडीप, माती ओलसर आणि संध्याकाळी दमट उकाडा, अशी वेळ सगळ्यात चांगली. सूर्य मावळण्याच्या अर्धा तास आधीपासून पुढे दोन तास पाहावे. ढगाळ दिवशी भर दुपारीही भेटतो.

टॉर्च पुढे लांब न मारता पायांपुढे पाच-सहा फुटांवर, जमिनीला समांतर धरावा. काळा किडा काळ्या मातीत दिसत नाही, पण तिरप्या उजेडात त्याची लांब सावली धावताना दिसते. राष्ट्रीय उद्यानात संध्याकाळनंतर थांबता येत नाही. आरे आणि येऊरला अंधारात एकट्याने जाऊ नये, बिबट्याचा वावर असतो.

दगड उचलायचाच तर पलीकडची कड धरून आपल्याकडे उचलावा, म्हणजे खालून निघणारा प्राणी आपल्यापासून दूर पळतो. मुंबईत अशा दगडाखाली विंचू, फुरसे आणि मण्यार या तिघांपैकी कोणीही असू शकते. बोटे घालण्याऐवजी आकडी वापरा, पायात बूट हवेत. पाहून झाले की दगड जसा होता तसाच, त्याच खड्ड्यात ठेवा. उलटा टाकलेला दगड खालून वाळतो आणि वर्षभराचे बिऱ्हाड मोडते.

तो खातो काय?

रातकिडे, नाकतोडे, अळ्या, वाळवी. जबड्यात मावेल आणि पळताना गाठता येईल ते. भू-भुंगेऱ्यांच्या अनेक जाती शिकारीवर पाचकरस ओततात आणि पातळ झालेला भाग ओढून घेतात. त्यामुळे जेवणानंतर मागे किड्याची पोकळ टरफले उरतात. धान्य, लाकूड, कपडे, झाडाची पाने यांतले काहीही तो खात नाही.

चावतो का? विषारी आहे का?

विषारी दंश नाही. बोटात धरला तर जबड्यांचा चिमटा चांगलाच बसतो, पण तो खरा धोका नाही. खरा धोका मागच्या टोकाला आहे. अँथिया वंशातले भुंगेरे पोटाच्या टोकाशी असलेल्या ग्रंथींतून दाहक द्रव नेम धरून फवारतात. त्यात मुंग्यांच्या अंगात असते तेच फॉर्मिक आम्ल असते. याच वंशातल्या आफ्रिकी जातींना तिकडे ज्या नावाने ओळखतात त्याचा अर्थच डोळ्यात मुतणारा असा आहे. कालाहारीतल्या एका सरड्याची पिल्ले याच भुंगेऱ्यांसारखी काळी-पांढरी असतात आणि पाठ कमानदार करून, पाय ताठ ठेवून त्यांच्यासारखीच चालतात. मोठी झाली की रंग मातकट होतो आणि चालही साध्या सरड्याची होते. हे निरीक्षण १९७७ साली सायन्स या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. भुंगेऱ्याचा दरारा केवढा असेल याचा याहून चांगला पुरावा मिळणे कठीण.

म्हणून फोटो काढताना चेहरा जमिनीला टेकवू नका. निदान एक मीटर अंतर ठेवा, चष्मा घाला, किड्याच्या मागच्या बाजूला बसू नका. शेपटीचे टोक उचलू लागला की तो वैतागला आहे, मागे सरा.

द्रव डोळ्यात गेलाच तर चोळू नका. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा, पापण्या उघड्या धरून स्वच्छ वाहत्या पाण्याने १५ ते २० मिनिटे डोळा धुवा आणि लगेच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. पाच मिनिटांत जळजळ कमी झाली तरी धुणे थांबवू नये. दूध, गुलाबपाणी, तूप यांतले काही घालू नका. त्वचेवर उडाला तर साबण-पाण्याने धुवायचे; थोडी आग होते, डाग पडू शकतो. कुत्र्याने तोंडात धरून तो लाळ गाळत असेल तर तोंड पाण्याने धुऊन पशुवैद्याला दाखवा.

पार्किंगमध्ये किंवा तळमजल्याच्या घरात शिरला आहे. काय करू?

घाबरू नका. तो वाट चुकला आहे. घरात अंडी घालत नाही, याची पिलावळ फडताळात होत नाही.

मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना बाजूला करा. उभट, रुंद तोंडाचा प्लास्टिकचा डबा त्याच्यावर पालथा घाला, खालून जाड पुठ्ठा किंवा लग्नपत्रिका सरकवा आणि दोन्ही एकत्र उचला. केरसुणीने ढोसू नका, फवारा तेव्हाच येतो. डबा नसेल तर सुपली त्याच्या पुढ्यात तिरपी ठेवा आणि मागून वर्तमानपत्राची लांब गुंडाळी हळू पुढे आणा. तो आपणहून चढतो. सोडायचा कुठे? त्याच आवारातल्या किंवा लगतच्या मोकळ्या जमिनीवर, पाचोळ्याजवळ, दिव्यापासून लांब. रिक्षाने नॅशनल पार्कात नेऊन सोडणे हा उपकार नव्हे. त्याला आपली जागा आणि दडायच्या फटी ठाऊक असतात, त्या तिथे नसतात.

नोंद करण्याजोगा फोटो कसा काढायचा?

चार फोटो लागतात: बरोबर वरून, बाजूने, डोके व जबडे दिसतील असा समोरून तिरपा, आणि आजूबाजूची जमीन दिसेल असा लांबून. चौथा बहुतेक जण काढतच नाहीत, आणि अधिवासाची माहिती त्यातच असते. फ्लॅश थेट मारला तर काळी पाठ आरशासारखी चमकते आणि खळग्या दिसेनाशा होतात. फ्लॅशवर टिश्यू कागदाची एक घडी लावा किंवा मित्राला टॉर्च बाजूने धरायला सांगा. मोबाइल फार जवळ नेऊ नका, दोनपट झूम करून लांबून काढा. मोजमापासाठी किडा निघून गेल्यावर तो होता त्याच जागी दहाचे नाणे ठेवून, मोबाइल त्याच उंचीवर धरून आणखी एक फोटो घ्या.

फोटो आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या जीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळांवर टाका. तारीख, वेळ, नेमकी जागा, शेवटचा पाऊस कधी झाला आणि तो उघड्यावर होता की दगडाखाली, एवढे मराठीत लिहिले तरी चालते. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोत जागेची माहिती पुसलेली असते, म्हणून मूळ फाइलच वापरा. रस्त्यावर चिरडलेल्या किड्याचीही नोंद करा. कोणता रस्ता त्यांची वाट तोडतो, हे कळायचा तोच एक मार्ग आहे.

खड्ड्याचा सापळा लावून पाहता येईल का?

स्वतःच्या आवारात, सोसायटीची परवानगी घेऊन, जिवंत पकडून सोडण्यासाठी हो. राष्ट्रीय उद्यानातून वन विभागाच्या परवानगीशिवाय कोणताही जीव पकडता किंवा नेता येत नाही, मुंगीसुद्धा.

एकसारखे दोन उभट डबे घ्या, तोंड ८ ते १० सेंटीमीटर, खोली निदान १२. दोन्हींच्या तळाला दाभणाने सात-आठ भोके पाडा. एकात एक बसवून जमिनीत पुरा. आतला डबा उचलून तपासता येतो आणि बाहेरच्यामुळे माती ढासळत नाही. वर कौलाचा तुकडा तीन गोट्यांवर ठेवा, जमिनीपासून २ ते ३ सेंटीमीटर उंच. यापेक्षा उंच ठेवला तर बेडूक आणि चिचुंद्री आत जातात आणि सकाळी फक्त पायांचे तुकडे मिळतात. आत दोन सुकी पाने टाका.

सापळा रिकामा राहतो तेव्हा दहांत नऊ वेळा दोष काठाचा असतो. डब्याचा काठ मातीच्या वर बोटाच्या पेराएवढा जरी राहिला तरी भुंगेरा मिशीने तो चाचपतो आणि वळून जातो. काठ मातीशी सपाट, किंवा केसभर खाली हवा, आणि भोवतीची फट मातीने दाबून भरलेली. पहिल्या पावसानंतर माती बसते, तेव्हा पुन्हा दाबा. दुसरी चूक आमिष ठेवण्याची. गूळ किंवा मासळी घातली की लाल मुंग्या येतात आणि डब्यात अडकलेल्या सगळ्यांना फाडून खातात. तिसरी म्हणजे आळस. सूर्य वर यायच्या आत तपासलेच पाहिजे, नाहीतर डबा तापतो. शिवाय दोन शिकारी एका डब्यात रात्रभर राहिले तर सकाळी एकच उरतो. नवीन खणलेल्या जागेभोवती पहिल्या एक-दोन रात्री किडे जास्त पडतात, तेव्हा त्या रात्रींच्या आकड्यांवरून निष्कर्ष काढू नका. काम संपले की डबे उपटा आणि खड्डे बुजवा. झाकण लावून ठेवलेला डबाही पुढे विसरला जातो.

अळी कशी दिसते?

बागेत खणताना निघणारी पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली गुबगुबीत अळी हुमणीची असते. भू-भुंगेऱ्याची अळी तशी नसते. ती लांबट, सरळ, चपळ, छातीला सहा पाय, डोक्यापुढे जबडे आणि शेपटाला दोन काटेरी टोके असलेली. तीही शिकारीच. कोषात जाते ती मातीतच, म्हणून पावसाळ्यात जमीन खोल उकरणे या किड्यांना घातक ठरते.

पाळता येईल का?

पाळू नये.

आमच्या सोसायटीची मागची भिंत रानाला लागून आहे. काय करता येईल?

बरेच काही, आणि खर्च जवळपास शून्य. भिंतीलगत एक मीटर रुंदीची पट्टी झाडायची नाही, एवढे माळीदादांना समजावून सांगा. तिथे पाचोळा, दोन-चार मोठे दगड, एखादा जुना ओंडका राहू द्या. त्या पट्टीवर पेव्हर ब्लॉक नकोत. भिंतीच्या पायाशी पाणी जायची भोके असतात, ती सिमेंटने बंद करू नका. त्यांतूनच किडा ये-जा करतो. पट्टीवर रोखलेला हॅलोजन काढा किंवा त्याचे तोंड आवाराकडे वळवा.

पेस्ट कंट्रोलवाल्यांना सांगा की झुरळांचे काम घरात आणि चेंबरमध्ये करा, मातीवर फवारा मारू नका. पायरेथ्रॉइड गटातली औषधे झुरळ आणि भुंगेरा यांत फरक करत नाहीत. सगळ्यात उपयोगी काम उघड्या गटारीचे. गुळगुळीत काँक्रीटची एक फूट खोल गटारसुद्धा न उडणाऱ्या किड्याला विहीर होते. दर दहा-बारा फुटांवर सहा इंच रुंद फळी तिरपी टाका आणि तिच्यावर गोणपाट खिळ्यांनी ठोका; पायांना पकड मिळते आणि तो चढून बाहेर येतो. बेडूक आणि पालीची पिल्लेही याच फळीवरून निघतात. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, नालेसफाई उरकली की लगेच या फळ्या लावून घ्या, आणि पहिला महिना दर रविवारी वाहून आलेला कचरा त्यांच्या पायथ्याशी अडकला आहे का ते पाहा.